खाते, पण अंगी लागत नाही
गायीच्या जुनाट हगवणीमागचा छुपा रोग आणि तो ओळखण्याच्या खुणा



घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे ऐकली की आपल्या पोटात गोळा येतो. पण या रोगांचे एक बरे असते. ते वाजतगाजत येतात. जनावर तापाने फणफणते, लाळ गाळते, चारा सोडते, आणि आपण लगेच दवाखान्याची वाट धरतो. आज ज्या रोगाची माहिती आपण घेणार आहोत तो मात्र चोरपावलांनी येतो. वासरू असताना शरीरात शिरतो, दोन-दोन, चार-चार वर्षे दडून बसतो, आणि गाय ऐन दुधात आली की डोके वर काढतो. या रोगाचे नाव जोन्स रोग. शास्त्रीय भाषेत त्याला पॅराट्युबरक्युलोसिस म्हणतात. आपण त्याला आतड्याचा जुनाट रोग म्हणू.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांनी या रोगाकडे आताच लक्ष द्यावे, याला कारण आहे. आपल्याकडे पूर्वी गाय पाळली जायची ती मुख्यतः बैलासाठी आणि शेणखतासाठी. धानाच्या बांधीत चिखलणीला चालणारी लहान चणीची, काटक कठाणी गाय हे आपल्या भागाचे धन. अनेक माडिया-गोंड गावांत तर दूध हे वासराचे, माणसाने ते काढू नये अशी रीत. आता दिवस पालटले. २०१६ पासून विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प आला, चंद्रपूर जिल्ह्याचाही त्यात समावेश झाला. दुधाला गिऱ्हाईक मिळू लागले आणि बाहेरगावच्या बाजारातून संकरित गायी, म्हशी आपल्या कोठ्यात येऊ लागल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण विकत घेतलेल्या गायीबरोबर तिचा दाखला येतो, दावे येते, आणि कधीकधी तिच्या आतड्यात दडलेला पाहुणाही येतो.

रोगाची चाल

समजा, मूल, सिंदेवाही किंवा आरमोरीकडच्या एखाद्या घरी कर्ज काढून गाय आणली. पहिले वेत झकास गेले. दुसऱ्या वेतानंतर महिना-दीड महिन्यात शेण पातळ होऊ लागले. ताप नाही. चारा, ढेप, तणस सारे नीट खाते. रवंथ करते. तरी दूध घटते आणि बरगड्या मोजता येऊ लागतात. औषध दिले की चार दिवस शेण घट्ट होते, पुन्हा पातळ. शेणात रक्त नाही, फारसा शेंबूडही नाही. पिचकारीसारखे पाणी नुसते. पुढे जबड्याखाली पाण्याची पोटली लोंबते. बाया म्हणतात, ‘नजर लागली.’ कोणी म्हणतो, ‘चारा बदला.’ पाच-सहा महिन्यांत गायीचा सापळा होतो.

खाल्लेले अंगी का लागत नाही? तर या रोगाचा जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतो. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. शरीराचे शिपाई, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्याला गिळतात. पण हा इतका चिवट की शिपायाच्या पोटातच राहतो आणि वाढतो. मग त्या जागी आणखी शिपाई गोळा होतात. आतड्याची भिंत जाड होते, तिच्यावर नांगरलेल्या शेतासारख्या वळ्या उठतात. चाऱ्यातले सत्त्व त्या जाड भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. उलट रक्तातले प्रथिन आतड्यात झिरपून शेणावाटे वाहून जाते. रक्तातले प्रथिन उतरले की पाणी शिरांत थांबत नाही, ते जबड्याखाली साठते. म्हणजे पोटली हे रोगाचे मूळ नव्हे, ती शेवटची पाटी आहे.

हा रोग काही आजचा नाही. १८९५ साली जर्मनीत ड्रेस्डेन येथे योने आणि फ्रॉथिंगहॅम या दोघांनी अशा गायीच्या आतड्यात क्षयासारखे जंतू पाहिले. त्यांना वाटले, हा क्षयाचाच एक प्रकार असावा. १९०६ मध्ये डेन्मार्कच्या बँग यांनी हा वेगळाच रोग असल्याचे दाखवले. पुढे काही वर्षांनी इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट आणि इन्ग्रॅम यांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवला. योने यांच्याच नावावरून रोगाला जोन्स हे नाव मिळाले. आपल्या देशातही शंभर वर्षांहून अधिक काळ हा रोग ठाऊक आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सर्वांना तो होतो. शेळीत एक फसवी गोष्ट अशी की बहुधा हगवण लागतच नाही. शेळी नुसती झिजत जाते.

लागण होते वासरात, दिसते गायीत

ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण सारा उपाय हिच्यावर उभा आहे. मोठ्या जनावराला हा रोग सहसा सहज लागत नाही. लागतो तो वासराला, आणि तोही पहिल्या काही महिन्यांत. रोगी गायीच्या शेणातून जंतू बाहेर पडतात. शेणाने माखलेली कास वासरू चोखते, शेणाने घाण झालेले पाणी पिते, गव्हाणीतला चारा चघळते, आणि जंतू पोटात जातो. चिकातून आणि दुधातूनही जातो. रोग फार वाढलेल्या गायीच्या पोटातल्या वासराला तर जन्मापूर्वीच लागण होऊ शकते.

लागण झालेली कालवड मोठी होते, माजावर येते, विते. वरून ठणठणीत. पण हगवण लागण्याच्या कितीतरी आधीपासून ती शेणातून जंतू टाकत असते. म्हणून उघड आजारी दिसणारे जनावर म्हणजे वारुळाबाहेर दिसलेली एक वाळवी समजावी. अमेरिकेतल्या मोठ्या गोठ्यांवरून तिकडच्या तज्ज्ञांनी असा अंदाज बांधला की एक जनावर शेवटच्या अवस्थेत असेल तेव्हा त्याच कळपात पंधरा ते पंचवीस जनावरांना लागण झालेली असू शकते. तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडे तर तीनच गायी.’ खरे आहे. पण आपल्या गावात कळप एका घराचा नसतो. सकाळी आखरावर सारी गुरे जमतात, गायकी ती जंगलात नेतो, एकाच बोडीवर ती पाणी पितात. आपला कळप म्हणजे सारे गाव.

नुकसानही केवळ मेलेल्या गायीचे नसते. हगवण न लागलेल्या पण बाधित गायीचेही दूध घटते. दिवसाला दोन लिटरच घटले असे धरले, तरी तीनशे दिवसांच्या वेतात सहाशे लिटर दूध गेले. हप्ता मात्र घटत नाही.

प्रत्येक पातळ शेण म्हणजे हा रोग नव्हे

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. आपला मुलूख तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा. मामा तलाव, बोड्या, पाणथळ गवत, आणि त्यात गोगलगायी. या गोगलगायींच्या आधाराने यकृतातले चपटे कृमी आणि पोटातले शंकूच्या आकाराचे कृमी वाढतात. त्यांच्यामुळेही जनावर हगते, खंगते आणि जबड्याखाली पाणी उतरते. हुबेहूब जोन्स रोगासारखे दिसते. फरक एवढाच की कृमींवर औषध आहे. म्हणून पहिली तपासणी कृमींची करावी. शेणात अंडी सापडली तर डॉक्टर योग्य जंतनाशक देतील आणि गाय सुधारेल. योग्य जंतनाशक देऊनही, चारापाणी नीट असूनही हगवण हटत नसेल, तर मात्र जोन्स रोगाची शंका घ्यावी. जोन्स रोगावर आजही खात्रीचे औषध नाही. जुलाब थांबवणाऱ्या पुड्यांवर पैसा घालत बसण्यात अर्थ नाही.

तपासणीच्या पाच वाटा

पहिली वाट शेणाची. शेणाचा किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तराचा पातळ लेप काचेवर घेऊन रंगवतात. क्षयाच्या जातीचे जंतू लाल रंग धरून ठेवतात. ही तपासणी स्वस्त आणि सोपी आहे, पण शेणात जंतू भरपूर असतील तेव्हाच उपयोगी पडते.

दुसरी वाट जंतू वाढवून पाहण्याची. ही खात्रीची, पण हा जंतू भारी आळशी. लोह मिळवण्यासाठी लागणारा एक पदार्थ त्याला स्वतःला बनवता येत नाही, तो प्रयोगशाळेत बाहेरून पुरवावा लागतो. तरीही निकाल यायला दोन ते चार महिने जातात.

तिसरी वाट पीसीआरची. करोनाच्या साथीत हे नाव घराघरांत पोचले. तीच रीत येथे वापरतात. शेणातून जंतूच्या वंशद्रव्याचा तुकडा शोधतात. निकाल लवकर येतो.

चौथी वाट एलायझाची. यात जंतू शोधत नाहीत; जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये रक्तात किंवा दुधात शोधतात. एका वेळी पुष्कळ नमुने तपासता येतात. मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या जंतूपासूनच असा संच तयार केला आहे. पण अडचण अशी की प्रतिद्रव्ये उशिरा तयार होतात. सुरुवातीच्या अवस्थेतली बरीच बाधित जनावरे या चाळणीतून सुटतात. म्हणून एलायझा ‘आहे’ म्हणाला तर ते गंभीरपणे घ्यावे. ‘नाही’ म्हणाला तर एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

पाचवी वाट शिपायांच्या हाकेची. रोगाच्या आरंभी शरीराच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप्या पदार्थ सोडतात. गायीच्या रक्तात जोनीन, म्हणजे त्याच जंतूपासून काढलेले द्रव्य, मिसळून रात्रभर उबेत ठेवतात आणि हा पदार्थ किती निघाला ते मोजतात. जोनीन कातडीत टोचून गाठ येते का ते पाहण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर चालते. ही वाट लवकर सुगावा देते, पण रक्त ताजे, काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावे लागते. भामरागड किंवा सिरोंच्याकडून ताजे रक्त वेळेत नागपूरला नेणे काय असते, हे आपल्याला सांगायला नको.

जैवखुणा म्हणजे काय

आता शास्त्रज्ञ ज्या दिशेने जात आहेत ती दिशा पाहू. तिला बायोमार्कर किंवा जैवखुणा म्हणतात. शब्द नवा, कल्पना जुनीच. जाणता गायकी जंगलात वाघ पाहत नाही. तो पगमार्क पाहतो, माकडाची आणि चितळाची ओरड ऐकतो, आणि गुरे वळवतो. तसेच जंतू प्रत्यक्ष सापडण्याची वाट न पाहता, जंतू आल्यामुळे शरीरात जे बदल होतात त्यांवरून त्याचा माग काढायचा. रक्तात एखादे प्रथिन वाढते, दुसरे घटते. पेशींतले एखादे जनुक जागे होते, दुसरे झोपते. ही खूण नेमकी सापडली तर आतडे जाड होण्याआधीच रोग कळेल.

उदाहरण घ्या. स्पेनच्या बास्क भागातील नायकर संस्थेच्या संशोधकांनी बाधित आणि निरोगी गायींच्या रक्तातील फरक शोधले. त्यांतून एबीसीए-१३ नावाच्या प्रथिनासारख्या काही खुणा त्यांनी वेचल्या आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतड्यात अगदी थोडी इजा असलेल्या, म्हणजे नेहमीच्या एलायझातून सुटणाऱ्या गायीही या खुणेने ओळखता येतात, असे त्यांना आढळले. इतर देशांतही दुधातल्या व शेणातल्या खुणांचा शोध चालू आहे.

मात्र एक गोष्ट ओळखून असावे. खूण उपयोगी ठरायची तर ती याच रोगाची असली पाहिजे. रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन जोन्स रोगात उतरते, पण यकृतकृमीतही उतरते आणि उपासमारीतही. आपल्या पाणथळ मुलखात नुसते अल्ब्युमिन पाहून रोग ठरवला तर कृमीने खंगलेली, औषधाने बरी होऊ शकणारी गाय उगीच बदनाम होईल. म्हणून स्पेनमधल्या गोठ्यातली खूण आपल्या कठाणी गायीला, रानात चरणाऱ्या आणि पोटात कृमी बाळगणाऱ्या जनावराला तशीच लागू पडते का, हे येथे तपासूनच ठरवावे लागेल. तोवर हाताशी असलेल्या तपासण्याच पुन्हापुन्हा करणे हा व्यवहारी मार्ग. डेन्मार्कने २००६ पासून ऐच्छिक मोहीम चालवली. तेथे दुधाची एलायझा वर्षातून अनेकदा करतात आणि गायींची लाल, पिवळी, हिरवी अशी वर्गवारी लावतात. लाल गायीचे बाळंतपण वेगळे, तिचा चीक दुसऱ्या वासराला नाही. एका तपासणीने सुटलेली गाय दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सापडते.

रानगव्याला बोल लावू नये

आपल्याकडच्या जंतूच्या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘इंडियन बायसन टाइप’ म्हणतात. ते ऐकून ताडोब्याच्या रानगव्यामुळे रोग आला असे कोणी समजू नये. या प्रकाराची पहिली ओळख अमेरिकेतल्या बायसनमध्ये झाली, त्यावरून हे नाव पडले. मथुरेकडे नीलगायींतही हा जंतू सापडला आहे, म्हणजे रान आणि गाव यांत देवाणघेवाण होऊ शकते हे खरे. पण ती दोन्हीकडून होते. आपल्या गुरांचे शेण रानातल्या पाणवठ्यावर पडते तेव्हा धोका रानालाही असतो. शिवाय आपले लहान वासरू रानात जातच नाही, ते घरी बांधलेले असते. त्याला लागण होते ती आपल्याच अंगणात. तेव्हा बंदोबस्तही अंगणातच सुरू करावा.

काय करावे

१. गाय व्यायची जागा वेगळी, कोरडी ठेवावी. विण्यापूर्वी जुने शेण, तणस काढून नवे तणस अंथरावे.

२. चीक पाजण्यापूर्वी आणि दर वेळी दूध काढण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन पुसावी. हे काम बहुधा घरच्या बायाच करतात. या एका सवयीने वासराला किती वाचवता येते हे त्यांनी जाणावे.

३. शंका असलेल्या गायीचे वासरू जन्मताच वेगळे करावे. त्याला निरोगी गायीचा चीक पाजावा. अनेक गायींचे दूध एकत्र करून वासरांना पाजू नये.

४. वासरांचे पाणी आणि चारा जमिनीवर ठेवू नये. गव्हाण व टाके उंच असावे, मोठ्या जनावरांचे शेण त्यात पडू नये. शेणाचे घमेले आणि चाऱ्याचे घमेले एकच नसावे.

५. हा जंतू सावलीतल्या मातीत वर्षभरही जगू शकतो. म्हणून ओले शेण वैरणीच्या गवतावर टाकू नये. खड्ड्यात नीट कुजवून ते धानाच्या बांधीत घालावे. कोठ्यात ऊन आणि वारा येऊ द्यावा.

६. गाय विकत घेताना नुसती कास आणि शिंगे पाहू नयेत. ज्या घरून ती आली तेथे कोणते जनावर हगून-खंगून मेले का, हे विचारावे. शक्य तर रक्ताची व शेणाची तपासणी करून घ्यावी आणि नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधावे.

७. शंका येताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. शेणाचा नमुना जमिनीवरचा नको, डॉक्टरांकडून थेट गुदद्वारातून घेतलेला असावा. स्वच्छ झाकणाच्या डबीत, थंड ठेवून, जनावराची खूण लिहून तो पाठवावा. निदानासाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे मार्गदर्शन डॉक्टरांमार्फत मिळू शकते.

लसीबद्दलही विचारणा होते. मखदूमच्या संस्थेने देशी जंतूपासून लस तयार केली आहे. लसीने रोगाचा जोर आणि शेणातून पडणारे जंतू कमी होतात, पण लागण पूर्णपणे टळेलच असे नाही. लस दिलेल्या जनावरात क्षयाची तपासणीही गोंधळात पडू शकते. म्हणून लसीचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

माणसांचे काय? क्रोन नावाच्या आतड्याच्या रोगाशी या जंतूचा संबंध आहे का, यावर जगभर वाद आहे. तो सिद्ध झालेला नाही. दूध नीट उकळूनच प्यावे, ही आपल्या घरची रीत येथेही कामाला येते. हगवण लागून खंगलेल्या गायीचे दूध मात्र घरात वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये.

बाजाराच्या दिवशीचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड गोष्ट. गायीला रोग आहे असे ठरले, मग तिचे करायचे काय? परदेशात तिला कत्तलखान्यात पाठवतात. आपल्याकडे गोवंशहत्याबंदी आहे. गायीला ती आधीपासून होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. मग कित्येकांच्या मनात एकच वाट येते. शेण चार दिवस घट्ट होईल असे औषध पाजायचे, कास चढवायची, आणि बुधवारच्या नाही तर रविवारच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची.

बंधूंनो, हे करू नका. ज्याने ती गाय घेतली त्यानेही कर्जच काढलेले असेल. त्याच्या वासराला लागेल, त्याच्या शेजारच्या वासराला लागेल, आणि दोन-चार वर्षांनी तीच कालवड ‘दुधाला चांगली’ म्हणून फिरून तुमच्याच बाजारात येईल. या रोगाला पाय नाहीत, तो आपल्याच सौद्यावर बसून गावोगाव फिरतो. अशी गाय घरीच वेगळी बांधावी, तिला आखरावर पाठवू नये, पुन्हा फळवू नये, तिचे शेण वेगळ्या खड्ड्यात टाकावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तिचे उरलेले दिवस सुखाचे करावे. हे एका घराला जड जाते. म्हणून दूध संस्थेने आणि ग्रामसभेने यात हात घालावा. संशयित जनावरांची तपासणी गावाने मिळून करावी, नोंद ठेवावी, आणि खरे सांगणाऱ्या शेतकऱ्याला नावे न ठेवता त्याच्या मदतीला जावे. खरे सांगणारा एकटा पडला, तर पुढच्या वेळी कोणीच खरे सांगणार नाही.

जैवखुणांची तपासणी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. आज तुमच्या हाती आहे ती धुतलेली कास, उंच गव्हाण आणि सौदा करताना खरे बोलणारी जीभ. आजचे वासरू यांच्या आधारावर वाचवा. चार वर्षांनी तीच कालवड खाईल आणि तिच्या अंगीही लागेल.